आडवी ठेवायची बाटली

वाढदिवसाच्या मेणबत्त्या फुंकायची वेळ आली की मी उठून आतल्या खोलीत जाते. घरच्यांना आता सवय झाली आहे. म्हातारी तिरसट आहे, असं ते पाहुण्यांना सांगतात आणि ते काही खोटं नाही. पण मी आयुष्यात पाहिलेला पहिला वाढदिवस फार सुंदर होता, आणि दुसऱ्या वाढदिवसाला आम्ही माझ्या भावाला मेलेला ठरवलं. त्यानंतर कुणी टाळ्या वाजवायला लागलं की मला तिथं बसवत नाही.

आम्ही चोपड्याकडचे शेतकरी. कापूस आणि थोडी केळी. आमच्यात वाढदिवस नावाचा प्रकारच नव्हता. पोर जन्मलं, बारसं झालं, जावळ काढलं, पुढं त्यानं वाढायचं, त्यात दरवर्षी कौतुक कसलं? माझी माय मी लहान असतानाच गेली आणि मला भाऊनं वाढवलं. माझी वेणी तोच घालायचा, तीही इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. भाऊचा जन्म कधीचा, हे आमच्या वडिलांना, आबांना, एवढंच आठवायचं की पोळ्याचा दुसरा दिवस होता आणि बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून हाताला लागत होता. तारीख कुणाला ठाऊक असणार?

भाऊला मातीपेक्षा लोखंड आवडायचं. आबांनी चार दिवस अबोला धरला, पण तो जळगावला गेला आणि कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये फिटर झाला. लग्न झाल्यावर त्यानं वहिनीला तिथल्या खोलीवर नेलं आणि तिच्या सोबतीला मलाही. वहिनी माझ्याच वयाची. आम्ही दोघी दिवसभर खिदळायचो आणि संध्याकाळी भाऊ आला की वहिनी डोक्यावर पदर घ्यायची आणि दोघी शहाण्या व्हायचो.

त्या जिनिंगमधून कापूस घेणारा एक साहेब होता. इंग्रज नव्हे, स्पेन देशाचा. तिकडच्या गिरण्यांसाठी तो आपल्याकडचा कापूस गाठी बांधून पाठवायचा. उन्हानं लाल झालेला, जाडजूड आणि हिंदी इतकं मोडकं की त्याच्यापुढं माझं हिंदी शुद्ध वाटावं. गाठी दाबायची प्रेस अडली की तो भाऊशेजारी उकिडवा बसायचा आणि दोघं मिळून यंत्राला शिव्या द्यायचे. एके वर्षी पीक कसं आहे ते बघायला तो पावसाळ्यातच आला. भाऊ बोलण्याच्या ओघात म्हणाला, उद्या माझा जन्मदिवस, निदान आमचे आबा तसं म्हणतात. झालं. साहेबानं आम्हां तिघांना बंगल्यावर बोलावलं.

बंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघी सतरंजीच्या कडेला अंग चोरून बसलो होतो. भुसावळहून रेल्वेनं आलेला बर्फ एका घमेल्यात होता आणि त्यात एक जाड काचेची हिरवी बाटली मानेपर्यंत रुतवलेली. साहेबानं बुचावरची तार उलगडली, अंगठा लावला आणि असा बार उडाला की वहिनी किंचाळून माझ्या मांडीवर आली. बूच वरच्या पत्र्यावर आदळलं. बाटलीच्या तोंडातून पांढरा फेस उसळला, साहेबाच्या मनगटावरून खाली वाहिला आणि तो मोठ्यानं हसत त्याच्या भाषेत काहीतरी गायला लागला. भाऊचा चेहरा मी विसरणार नाही. आपण जन्मलो याचा कुणाला इतका आनंद होतो, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दारूच होती ती. आमचे आबा माळकरी, घरात कांदासुद्धा एकादशीला वर्ज्य. भाऊनं दोन घोट घेतले आणि म्हणाला, थंड असून उकळते. मी कुणाचं लक्ष नाही असं बघून पेल्याच्या कडेचा फेस बोटावर घेतला. आंबट होता आणि जिभेला मुंग्या आल्या. वहिनीनं नुसता वास घेतला आणि नाक मुरडलं, पण खोलीवर परत येताना सगळ्या वाटेभर तिनं तोंडानं तो बार काढून दाखवला.

भाऊला पिण्यापेक्षा ती कशी बनते यात रस. साहेबानं त्याला सगळं समजावलं होतं आणि पुढं कित्येक दिवस तो आम्हाला समजावत राहिला. साहेबाच्या सासऱ्याचे द्राक्षाचे मळे होते. तिकडं ती द्राक्षाची दारू बाटलीत भरतात आणि बाटलीतच ती दुसऱ्यांदा आंबते. जमिनीखालच्या थंड तळघरात वर्षं-वर्षं निजवून ठेवतात. मग डोकं खाली करून माणसं रोज हातानं थोडी थोडी फिरवतात, गाळ मानेत उतरतो, तो काढून टाकतात. फ्रेंच लोक अशीच करतात आणि तिचं नाव फार मोठं, पण आमची काही कमी नाही, असं साहेब छातीवर हात ठेवून सांगायचा. भाऊ म्हणायचा, बघा, नुसत्या बाटलीची केवढी उस्तवार!

पुढच्या पावसाळ्यात त्याच्या देशात यादवी माजली. आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांवर बंदुका उगारल्या होत्या आणि साहेबाच्या घरचे नेमके मध्ये सापडले होते. पोळा यायच्या आत तो निघाला. जाताना भाऊच्या हातात त्यानं एक बाटली दिली आणि म्हणाला, तुझ्या जन्मदिवसाला फोड. भाऊनं फोडली नाही. एकट्यानं काय फोडायची, साहेब आला की त्याच्याबरोबर, असं त्यानं त्या वर्षी म्हटलं, पुढच्या वर्षी म्हटलं आणि त्याच्या पुढच्याही वर्षी. साहेब आला नाही. तो जगला की मेला, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

ती बाटली खोलीतल्या फळीवर गोणपाटात गुंडाळून आडवी असायची. वहिनी झाडताना ती हलवायला गेली की भाऊ ओरडायचा. बूच आतल्या दारूनं ओलं राहिलं पाहिजे, असं साहेबानं बजावलं होतं.

मग माझं लग्न झालं आणि मी धुळ्याला गेले. मोठी लढाई सुरू झाली. फौजेला फिटर हवे होते आणि भाऊला नवी यंत्रं हवी होती. मी धुळ्याहून निरोपावर निरोप धाडले की जाऊ नकोस. आबांनी पुन्हा अबोला धरला. तो गेलाच. जाण्याआधी वहिनीला त्यानं चोपड्याला आबांकडे आणून सोडलं आणि बरोबर ती बाटली. माळकऱ्याच्या घरात दारू कशी ठेवायची? म्हणून मळ्यातल्या विहिरीजवळची पत्र्याची खोली ठरली, जिथं मोटेचे नाडे आणि अवजारं असायची. मी निरोप द्यायला आले होते. भाऊनं फळीवर कडब्याची गादी केली, तिच्यावर बाटली निजवली आणि वहिनीला म्हणाला, "आडीच ठेवजो. उभी करी का बूच वाळी जाई नि मझारला जीव उडी जाई."

आतला जीव म्हणजे तो फेस. मग आम्हा दोघींकडे बघून तो म्हणाला की साहेबाची वाट फार पाहिली, आता नाही पाहायची. मी आलो की येणाऱ्या पहिल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही सकाळी बादलीतून विहिरीत सोडायची, दुपारी काढायची आणि आबांच्या देखत बार उडवायचा. वहिनी हसली. मी हसले नाही. मला त्याचा राग आला होता.

भाऊला नेलं होतं ते सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि काही महिन्यांनी सरकारी कागद आला. त्यात मेला असं नव्हतं, सापडत नाही असं होतं. गावातल्या मास्तरांनी तो दोनदा वाचून दाखवला. वहिनी उठली, मळ्यात गेली आणि फळीवरची बाटली तिनं उभी केली. मी धुळ्याहून धावत आले तेव्हा ती तशीच उभी होती, खाली तांदूळ, काचेला हळदीकुंकवाची बोटं. मी तिला म्हटलं, अगं, भाऊनं काय सांगितलं होतं? ती म्हणाली, "आडं मानूस मरावर करतस, अक्का. त्यानी वस्तू मी आडी कशी ठेवू?"

आमच्याकडे जीव गेला की माणसाला जमिनीवर आडवं घेतात आणि मग ते पुन्हा उठत नाही. त्या दिवसांत वहिनी आजारी पडली तरी दिवसा अंग टाकायची नाही, भिंतीला टेकून बसायची. मी बाटलीला हात लावला नाही.

त्यानंतरची वर्षं मला सांगावीशी वाटत नाहीत, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वहिनी कुंकू लावायची, हिरव्या बांगड्या भरायची. पण हळदीकुंकवाला तिच्यासमोर आलं की बायकांचं बोट अडायचं. लावावं तर कसं आणि न लावावं तर कसं? कुणी उगाच खोकायची, कुणी करंडा शेजारणीकडे सरकवायची. एकदा माझ्या समोर असं झालं तेव्हा मी तो करंडा हिसकावून घेतला, वहिनीच्या कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं आणि त्या बाईला नाही नाही ते बोलले. घरी आल्यावर वहिनी माझ्यावरच चिडली. म्हणाली, तुम्ही परवा धुळ्याला जाल, मला इथंच राहायचं आहे. खरं होतं ते.

दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळी बाटली विहिरीत सोडायची, दुपारी काढायची, पदरानं पुसायची आणि परत फळीवर उभी करायची. उन्हाळ्यात त्या खोलीचा पत्रा असा तापायचा की आत पाय ठेववत नसे. पण बाटली घराच्या सावलीत आणू का, असं तिनं आबांना कधी विचारलं नाही आणि आबा आपण होऊन म्हणाले नाहीत.

लढाई संपली. माणसं परतायला लागली. शिरपूरकडचा एक जण आला, तो भाऊबरोबर जपान्यांच्या कैदेत एकाच छावणीत होता असं कळलं, म्हणून आबा आणि मी त्याला भेटायला गेलो. हाडं आणि डोळे, एवढाच उरला होता तो. त्यानं सांगितलं की सुरुवातीला भाऊ बरोबर होता, छावणीतला बंद पडलेला पंप त्यानं चालू केला होता. पुढं बऱ्याच जणांना बोटीत घालून कुठंतरी नेलं, त्यात भाऊ होता. त्या बोटीचं काय झालं ते तो सांगेना. आबांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्यानं आम्हाला चहा घेण्याचा आग्रह केला.

परतताना आबा बैलगाडीत म्हणाले की आता त्याला पाणी द्यायला हवं. प्रेत नसलं तर दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि मग तेरावं घालतात. भटजी म्हणत होते, बारा वर्षं वाट पाहायची असते, पण गेल्याची खात्री असेल तर आधीही करता येतं. खात्री कुणाला होती? मी आबांवर संतापले. तुम्हाला मुलगा नकोसा झाला का, असंही म्हणाले. आबांनी कासरा ओढून बैल आवरले. मग म्हणाले की माझ्या पोराचं जे व्हायचं ते झालं, पण दुसऱ्याची पोर माझ्या घरात सुकते आहे, तिचं काय? आमच्यात बाईचा पाट लागतो, म्हणजे नवरा गेल्यावर तिला दुसरं घर करता येतं. पण नवरा गेल्यावर. नुसता हरवल्यावर नाही.

घरी गेल्यावर त्यांनी वहिनीला समोर बसवलं. "बेटी," ते म्हणाले, "तुना जलम असाच जाई. त्याले बी पानी नही, तुले बी वाट नही." वहिनी नाही म्हणाली. पुढं वर्षभर ती नाहीच म्हणत राहिली आणि मी जेव्हा जेव्हा माहेरी येई तेव्हा तिच्या बाजूनं आबांशी भांडत राहिले. मला वाटायचं, या घरात दोघीच आहोत त्याला जिवंत ठेवणाऱ्या. एकीनं जरी हात सोडला तरी तो जाईल.

त्या वर्षीचा पोळा आला. गावात चावडीवर झेंडा लागून महिनाच झाला होता, पताका पावसानं रंग सोडून लोंबत होत्या. मी मुद्दाम धुळ्याहून आले होते. पोळ्याच्या संध्याकाळी बैलांना पुरणपोळी दिली आणि वहिनी हात धुऊन आबांपुढं उभी राहिली. "बाटलीले इचारू," ती म्हणाली. "साहेबना बंगलावर वाजनी तशी वाजनी तर ते शेतस. नही वाजनी तर तुम्हना मननं करा."

बार वाजला तर तो आहे, नाही तर नाही? माझं डोकंच फिरलं. बाटलीला काय कळतं, असं मी तिला दहा वेळा म्हटलं. तू ती उभी ठेवलीस, पत्र्याखाली ठेवलीस, ती कशी वाजेल, असंही म्हणणार होते. पण आबा लगेच हो म्हणाले आणि वहिनी पाठ फिरवून भांडी घासायला बसली. मग माझ्याही मनात एक वेडी आशा शिरली. जाड काच होती, बुचावर तार होती, साहेबाच्या सासऱ्यानं वर्षं-वर्षं निजवून केलेली चीज होती. वाजलीच तर? मी शिकलेली सवरलेली बाई, चौथी पास, आणि रात्रभर देवाला सांगत होते की एवढा एक बार उडू दे.

सकाळी वहिनीनं बाटली बादलीतून विहिरीत सोडली. दुपारी आम्ही तिघंच मळ्यात गेलो. बैल लिंबाखाली बांधलेले होते आणि त्यांच्या शिंगांचा रंग अजून हाताला लागत होता. आबा थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या कुंडीच्या, दगडावर बसले. त्यांनी गळ्यातली माळ काढून उपरण्यात बांधली होती, दारूसमोर नको म्हणून. वहिनीनं बादली ओढून काढली, बाटली पदरानं पुसली आणि बुचावरची तार उलगडायला लागली. गंजलेली तार तिच्या बोटात तुटली. मी नकळत कानांवर हात ठेवले.

बूच दोन बोटांनी निघालं. तेलाच्या बाटलीचं निघतं तसं, आवाज न करता. वहिनीनं बाटली तिरपी करून पितळी वाटीत थोडी ओतली. पिवळट पाणी. त्यात एक बुडबुडा नव्हता. मी कानांवरचे हात काढले तेव्हा मोटेच्या बैलांच्या धावेवर चिमण्या दाणे टिपत होत्या, तेवढाच आवाज होता.

आबांनी डोळे मिटले. मी ओरडायला लागले. म्हटलं, याचा काही अर्थ नाही. बूच वाळलं आहे, बघा, किती बारीक झालं आहे. बाटली उभी ठेवली म्हणून असं झालं, भाऊनं सांगितलं होतं, मी होते तेव्हा, आडवी ठेवली असती तर आज पत्रा उडाला असता. वहिनीला दंडाला धरून मी हलवलं आणि म्हटलं, सांग ना आबांना.

वहिनीनं माझी बोटं दंडावरून सोडवली. रडत नव्हती. "माले माहीत व्हतं, अक्का," ती हळूच म्हणाली. "बूच वाळी गयं ते मी कवयच पाहेल व्हतं."

मग तू बाटलीला विचारू का म्हणालीस, असं मी विचारलं.

"कोनी तरी सांगाले पाहिजे व्हतं," ती म्हणाली. "मना तोंडथीन निंघे ना."

तिनं वाटीतलं ते पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलं, बाटली रिकामी केली आणि थारोळ्याजवळची जागा पदरानं झाडली. मग त्या जागेवर बाटली आडवी ठेवली. मेलेल्याचे पाय करतात तसं बूड दक्षिणेला केलं. अगदी हळू, डोक्याखाली हात देऊन ठेवावी तशी. आणि तिच्याशेजारी ती स्वतः आडवी झाली आणि मग रडली. पाच वर्षांत मी तिला दिवसा आडवं झालेलं पाहिलं नव्हतं.

आबा गेले नाहीत तिच्याजवळ. मीही गेले नाही. ती दमली होती, हे आज कळतं, तेव्हाही कळलं होतं. पण मला तिचा राग आला होता. तिनं हात सोडला होता आणि मला विचारलं नव्हतं.

पळसाच्या पानांचा पुतळा झाला, अग्नी दिला, तेरावं झालं. वहिनीनं बांगड्या मला काढू दिल्या नाहीत, तिनं स्वतःच काढल्या. पुढच्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आबांनीच तिचा पाट लावून दिला, अमळनेरकडच्या एका बिजवराशी. मुलंबाळं झाली. चांगलं झालं असं मी सगळ्यांना सांगितलं आणि मनापासून सांगितलं. तिच्या घरी मात्र मी एकदाही गेले नाही.

पण त्या सगळ्याच्या आधी, तेराव्यानंतर दीडेक महिन्यानं, भाऊबीज आली. आमच्याकडे भाऊ परगावी असला की बहीण चंद्राला ओवाळते. तो गेल्यापासून दरवर्षी मी धुळ्याच्या घराच्या ओट्यावर तसंच करत होते आणि दरवर्षी चंद्राला सांगत होते की एवढं त्याला पोचव. त्या संध्याकाळीही ताट केलं, निरांजन लावलं आणि ओट्यावर आले. जिला भाऊच नाही, ती बहीणही चंद्रालाच ओवाळते. चंद्र तोच होता, ताटही तेच. मी ओवाळलं आणि काहीच सांगितलं नाही.